झाडीपट्टीतील प्रयोगप्रकारांची नावे आणि त्यांच्या लक्षणांविषयीचे मतभेद

१. प्रश्नाचे स्वरूप

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि आप्तेष्टांच्या गाठीभेटी, रात्री करमणुकीचे खेळ, असा तिचा सामान्य क्रम असतो. या खेळांना गावकरी ‘दंडार’, ‘खडी गंमत’ आणि ‘नाटक’ अशी नावे देतात, आणि आपल्या गावी आज यांपैकी कोणता खेळ आहे याविषयी त्यांच्या मनात सहसा संदेह नसतो. परंतु तोच खेळ ग्रंथात, कोशात किंवा शासकीय यादीत प्रविष्ट झाला की संदेहाला आरंभ होतो. खडी गंमत म्हणजे पूर्व विदर्भातील तमाशाच काय? दंडार हे नृत्य की नाट्य? झाडीपट्टीच्या नाटकाची गणना लोकनाट्यात करावी, की नागर रंगभूमीच्या एका प्रादेशिक शाखेत? या प्रश्नांना अभ्यासकांनी दिलेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. आणि अनेकदा एकाच अभ्यासकाची दोन ठिकाणची उत्तरेही परस्परांशी जुळत नाहीत.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे म्हणून तो बाजूस सारण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि नाव बदलले की त्या नावाखाली काय नोंदले जाते आणि काय गाळले जाते, हेही बदलते. म्हणून हे मतभेद का उद्भवतात, ते कोणत्या अर्थाने मिटवता येतात आणि कोणत्या अर्थाने मिटवू नयेत, याचा विचार अवश्य ठरतो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच मर्यादित आहे.

२. प्रदेश आणि त्याचा इतिहास

‘झाडीपट्टी’ हे नाव पूर्व विदर्भातील वनप्रधान प्रदेशाला दिले जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्यात प्रामुख्याने येतात. यांपैकी गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची शेती हा येथील जीवनाचा मुख्य आधार होय. धानाचा हंगाम आटोपत येतो त्या सुमारास मंडयांचे दिवस सुरू होतात, आणि त्यानंतर होळीपर्यंतचे दिवस नाटकांचे मानले जातात.

राजकीय दृष्ट्या भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताचा व नंतरच्या मध्य प्रदेशाचा भाग होता. तो १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. या जिल्ह्याची पूर्वेकडील देवाणघेवाण छत्तीसगडाशी, उत्तरेकडील बालाघाटाशी आणि दक्षिणेकडील गोंड वस्तीच्या प्रदेशाशी दीर्घकाळ चालू राहिली. पुणे, सातारा, सांगली या भागातील तमाशाच्या फडांशी त्याचा संबंध त्या मानाने दूरचा होता. मराठी लोकनाट्याचे जे शास्त्र रूढ झाले त्याची सामग्री मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातून गोळा झालेली आहे. झाडीपट्टीच्या खेळांना नाव देताना जी अडचण येते तिचे एक मूळ येथे आहे : मोजपट्टी एका प्रदेशात तयार झाली आणि मोजावयाची वस्तू दुसऱ्या प्रदेशात आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडार यांचा स्वतंत्र अभ्यास आरंभिल्यामुळे ही विषमता काही अंशी कमी झाली आहे.

३. खडी गंमत आणि तमाशा

खडी गंमत परंपरेने पुरुषांची असते. शाहीर हा तिचा प्रमुख. स्त्रीवेष धारण करणारा नाच्या हा तिचा दुसरा आधार. ढोलकी, तुणतुणे, झांज ही वाद्ये वाजविणारे साथीदार उभे राहूनच साथ करतात. प्रेक्षक भोवताली बसतात. रंगमंच, पडदा यांची गरज भासत नाही. ‘खडी’ हे विशेषण या उभे राहण्याचे द्योतक आहे. गण, गौळण, लावणी, कलगी आणि तुरा या पक्षांतील सवालजवाब, आणि विनोदी संवाद ही तिची परिचित अंगे होत.

ही अंगे पाहिली म्हणजे खडी गंमत हा तमाशाच होय, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष सबळ वाटतो. गण-गौळण दोहोंत आहे, ढोलकी दोहोंत आहे, कलगी-तुऱ्याचा झगडा दोहोंत आहे. शिवाय ‘गंमत’ हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातही तमाशाचा पर्याय म्हणून वापरला गेलेला आहे. उलट पक्षाचे म्हणणे असे की, तमाशात स्त्री नाचते, खडी गंमतीत नाचत नाही. तमाशाला वग असतो, खडी गंमतीत त्या विस्ताराचा वग अनिवार्य नसतो. तमाशाचा फड तंबू घेऊन फिरतो, खडी गंमतीला मोकळे अंगण पुरते. म्हणून ती स्वतंत्र प्रकार मानली पाहिजे.

दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात एक समान उणीव आहे. ज्या तमाशाशी तुलना करावयाची तो कोणता, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. न्यायशास्त्रात लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. लक्षण जर लक्ष्याच्या काही भागाला लागू पडत नसेल तर ती अव्याप्ती. आणि लक्ष्याबाहेरच्या वस्तूलाही लागू पडत असेल तर ती अतिव्याप्ती. आता वग हे तमाशाचे आवश्यक लक्षण मानले, तर रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या काळातील तमाशा हा तमाशाच राहत नाही. कारण वगाचा उदय ‘मोहना-बटाव’ या १८६५ च्या सुमाराच्या रचनेपासून मानला जातो. संगीत बारीत वग नसतो, तरीही तिला तमाशाचाच एक भेद म्हणतात. स्त्री कलावंत हे आवश्यक लक्षण मानावे, तर पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळेसारख्या स्त्रिया बोर्डावर येण्यापूर्वी नाच्या पोरांनी गाजविलेला तमाशा वगळावा लागतो. या सर्व ठिकाणी अव्याप्ती होते. ती टाळण्यासाठी ‘गण, गौळण आणि ढोलकी’ एवढेच लक्षण ठेवले, तर ते खडी गंमतीलाही लागू पडते. मग तिला बाहेर ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ती अतिव्याप्ती ठरते.

पूर्वेकडे दृष्टी वळविली म्हणजे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. छत्तीसगडातील ‘नाचा’ या लोकनाट्याच्या जुन्या रूपाला ‘खडे साज’ असे म्हणतात, कारण त्यात वादक वाद्ये अंगाला बांधून उभ्याने साथ करीत. राजनांदगाव परिसरातील रवेली गावचे दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी १९२८ च्या सुमारास आपली मंडळी उभारली, आणि पुढे वादक एका जागी बसून साथ करू लागले ते ‘बैठक साज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच प्रदेशात ‘गम्मत’ हा शब्द संपूर्ण खेळाला नव्हे, तर नाचातील विनोदी प्रसंगाला लावला जातो. म्हणजे ‘खडे’ आणि ‘गंमत’ हे खडी गंमतीच्या नावाचे दोन्ही घटक सीमेपलीकडे आढळतात, मात्र निराळ्या जागी. आणि भंडाऱ्यात जे समग्राचे नाव आहे त्याचा एक घटक तेथे अंशाचे नाव होतो. यावरून खडी गंमत नाचापासून निघाली असे अनुमान करणे घाईचे होईल. परंतु तिला केवळ तमाशाची शाखा मानणारे वर्गीकरण अर्ध्या पुराव्यावर उभे आहे, हे यावरून निश्चित दिसते.

४. दंडार : एक नाव, अनेक वस्तू

खडी गंमतीच्या बाबतीत दोन नावे एकाच वस्तूची आहेत काय, हा वाद आहे. दंडारीच्या बाबतीत एकाच नावाखाली वस्तू किती आहेत, हा वाद आहे.

भंडारा परिसरातील दंडार ही गावातील शेतकरी व कारागीर पुरुषांनी सादर करावयाची असते. तीत गायन आहे, नृत्य आहे, सोंगे आहेत आणि झाडीबोलीतील संवादही आहेत. गावकरी तिचे ‘खडी दंडार’, ‘बैठी दंडार’, ‘परसंगी दंडार’ असे भेद सांगतात. पहिल्या दोन नावांचा आधार सादर करणाऱ्याची शरीरस्थिती हा आहे. तिसऱ्याचा आधार प्रसंग, म्हणजे कथाभाग हा आहे. एखादी दंडार खडी असून परसंगीही असू शकेल काय, असा प्रश्न वर्गीकरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचेल; गावकऱ्याला तो सुचत नाही, कारण त्याने ही नावे परस्परव्यावर्तक कप्पे म्हणून योजलेलीच नसतात. ज्या खेळात जे उठून दिसते त्यावरून तो नाव देतो.

याच नावाचा दुसरा वापर गोंड आणि कोलाम समाजांत आहे. आदिलाबाद परिसरातील राजगोंडांचा ‘दंडारी’ हा दिवाळीच्या सुमाराचा नृत्योत्सव प्रसिद्ध आहे. मोरपिसांचे मुकुट धारण करणारे ‘गुसाडी’ नर्तक त्यात असतात, आणि एका गावचा नर्तकसमूह दुसऱ्या गावी जाऊन तेथे पाहुणचार घेतो. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या दशकात राजगोंडांच्या जीवनाचे जे सविस्तर वर्णन केले त्यात या उत्सवाला स्थान आहे. गुसाडी नृत्याचे कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. येथे दंडारी हे मुख्यतः नृत्य आहे, आणि त्याला कुलदैवतांच्या पूजेचे अधिष्ठान आहे. संवादयुक्त नाट्यप्रसंग हे त्याचे प्रधान अंग नव्हे.

आता ‘दंडार म्हणजे आदिवासी नृत्य’ अशी व्याख्या केल्यास भंडाऱ्याच्या दंडारीतील संवाद, सोंगे आणि तीत भाग घेणारे बिगर-आदिवासी समाज नोंदीबाहेर राहतात. ‘दंडार म्हणजे झाडीपट्टीतील लोकनाट्य’ अशी व्याख्या केल्यास गोंडांचे पूजाविधीशी बांधलेले नृत्य तिच्यात बसत नाही. किंवा बसविल्यास त्यातील विधी हा गौण ठरतो. दोहोंना जोडणारा धागा आहे, हे नाव, ऋतू आणि समूहनृत्य यांच्या साम्यावरून संभवनीय वाटते. परंतु धागा असणे आणि एकच प्रकार असणे या भिन्न गोष्टी आहेत. नामसाम्यावरून वस्तुसाम्य गृहीत धरणे हा वर्गीकरणातील सर्वांत जुना दोष होय.

५. ‘झाडीपट्टी नाटक’ : प्रदेशावरून आलेले नाव

तिसरा वाद नाटकाचा आहे. झाडीपट्टीच्या नाटकाला रंगमंच आहे, पडदे आहेत, लेखी संहिता आहे, तिकीट आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे आज या नाट्यमंडळींचे प्रमुख केंद्र आहे. गावातील मंडळ प्रयोग ठरविते, मंडप उभारते आणि तिकिटे विकते; बाहेरून आलेली मंडळी प्रयोग करते; आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्राच्या इतर भागांतील अनेकांना या रंगभूमीच्या व्याप्तीची प्रथमच जाणीव झाली.

येथे मतभेद दुहेरी आहे. पहिला असा की, हे लोकनाट्य की नागर नाट्य? रंगमंच आणि संहिता यांवरून पाहिले तर ते नागर नाट्याच्या परंपरेत बसते. ऋतुचक्राशी असलेला संबंध, गावाने घेतलेली जबाबदारी आणि प्रेक्षकांचा सहभाग यांवरून पाहिले तर ते लोकनाट्याच्या जवळ येते. दुसरा मतभेद ‘संगीत’ या विशेषणाविषयी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतला’पासून ज्या परंपरेची गणना होते ती ‘संगीत नाटक’ ही संज्ञा इतिहासकार प्रायः एका कालखंडाशी आणि रागाधिष्ठित नाट्यपदांशी निगडित करतात. झाडीपट्टीत मात्र गाणी आणि रंगमंचावरील वाद्यांची साथ असलेल्या नाटकाला संगीत नाटक म्हणण्याची प्रथा चालू राहिली. इतिहासकाराच्या दृष्टीने ते त्या संज्ञेचे शैथिल्य होय. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तेच तिचे सातत्य होय.

६. मतभेदांचे मूळ : भिन्न आधार

उपर्युक्त तिन्ही उदाहरणांत नावे देण्याचे आधार भिन्न आहेत हे दिसून येते. ‘खडी’ आणि ‘बैठी’ यांचा आधार शरीरस्थिती. ‘परसंगी’ याचा कथाभाग. ‘संगीत’ याचा अभिव्यक्तीचे साधन. ‘झाडीपट्टी’ याचा प्रदेश. आणि ‘लोकनाट्य’ याचा समाजातील स्थान. मराठीत आणखी एक आधार आढळतो, तो हेतूचा. सत्यशोधक जलसा आणि आंबेडकरी जलसा यांनी तमाशाच्या आकृतिबंधातील बरेच काही घेतले, परंतु प्रबोधन हा आपला हेतू रंजनप्रधान तमाशापासून वेगळा दिसावा म्हणून ‘जलसा’ हे नाव धारण केले. अण्णा भाऊ साठे यांच्या तमाशाच्या चौकटीतील राजकीय खेळांना ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले, तेथेही आकृतीपेक्षा प्रयोजन व प्रतिष्ठा यांचा विचार प्रबळ होता. राज्य नाट्यस्पर्धांची विभागणी पाहिली तरी हेच आढळते : ‘हौशी’ हे नाव कलावंताच्या उपजीविकेवरून, ‘संगीत’ हे साधनावरून, ‘संस्कृत’ हे भाषेवरून आणि ‘बालनाट्य’ हे प्रामुख्याने प्रेक्षकावरून आले आहे. व्यवहारात अशी यादी चालते. शास्त्रात ती एका पातळीवरचे वर्गीकरण म्हणून चालू शकत नाही.

भारतीय नाट्यशास्त्राला ही अडचण अपरिचित नव्हती. धनंजयाने दहाव्या शतकात ‘दशरूपका’त रूपकांचे भेद करताना वस्तू, नेता आणि रस हे तीन आधार स्पष्टपणे सांगितले. आधार सांगितल्यामुळे त्याच्याशी मतभेद करणेही सोपे झाले. पुढे ‘साहित्यदर्पणा’त विश्वनाथाने अठरा उपरूपके मोजली. यांपैकी अनेकांत नृत्यगीतांचे प्राधान्य असल्यामुळे ती धनंजयाच्या तीन आधारांवर सुखाने बसत नाहीत. प्रयोगाची नवी रूपे पुढे येतात आणि जुने आधार अपुरे पडतात, ही प्रक्रिया दंडारीपासून सुरू झालेली नाही.

७. एक अर्वाचीन तुलना : व्हिडिओ गेम

हाच प्रश्न अगदी निराळ्या क्षेत्रात, व्हिडिओ गेमच्या जगात, गेल्या काही दशकांत उपस्थित झाला आहे. तेथील प्रकारनामांचा इतिहास अल्प आणि लेखनिविष्ट असल्यामुळे नाव कसे जन्मते व कसे झिजते हे तेथे स्पष्ट पाहता येते.

‘डूम’ हा खेळ १९९३ मध्ये निघाला. त्यानंतर त्यासारखे जे खेळ आले त्यांना प्रारंभी ‘डूमच्या नकला’ असेच म्हणत. पुढे खेळणाऱ्याच्या दृष्टिकोनावरून ‘फर्स्ट पर्सन शूटर’ हे नाव स्थिर झाले. येथे आदर्श कृतीवरून आलेले नाव मागे पडून लक्षणावरचे नाव पुढे आले. सर्वत्र असे घडत नाही. ‘रोग’ या १९८० च्या सुमाराच्या खेळावरून ‘रोगलाईक’, म्हणजे ‘रोगसारखा’, हे प्रकारनाम रूढ झाले आणि टिकले. कोणत्या बाबतीत सारखा, हे नावात सांगितलेले नव्हते. म्हणून २००८ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या रोगलाईक खेळांच्या निर्मात्यांच्या परिषदेत त्याचे लक्षण निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक वेळी नव्याने घडणारी भूरचना, मृत्यूनंतर पुन्हा आरंभापासून खेळावे लागणे, पाळीपाळीने होणारी चाल, अशी काही लक्षणे अधिक महत्त्वाची आणि अक्षरचिन्हांनी काढलेले चित्र, भुयारांची पार्श्वभूमी अशी काही कमी महत्त्वाची ठरविण्यात आली. एखादे लक्षण नसल्याने खेळ प्रकाराबाहेर जात नाही, असेही सांगण्यात आले. आणि पाच खेळ आदर्श म्हणून मानण्यात आले.

हा प्रयत्न काळजीपूर्वक केलेला होता. तथापि त्याच सुमारास ‘स्पेलंकी’सारखे खेळ निघाले, त्यांनी नवी भूरचना आणि अंतिम मृत्यू ही दोन लक्षणे घेतली, परंतु पाळीपाळीची चाल सोडली. पुढे ‘रोगलाईट’ असे दुसरे नाव निघाले, आणि या दोहोंची सीमा कोठे आखावी यावर नवा वाद जन्माला आला. स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर २०१४ पासून खेळणारे स्वतःच प्रकारनामे लावू लागले. तेथे एकाच खेळाला दोन्ही नावे लागलेली आढळतात. निर्मात्यांचे लक्षण आणि खेळणाऱ्यांचा वापर असे दोन प्रवाह समांतर वाहत राहिले.

प्रदेशावरून आलेल्या नावाचेही उदाहरण तेथे आहे. ‘जपानी भूमिकाप्रधान खेळ’ या अर्थाचे ‘जेआरपीजी’ हे नाव बाहेरच्यांनी दिले. हे नाव प्रथम कानी आले तेव्हा काही जपानी निर्मात्यांना ते हीनतादर्शक वाटले होते, असे ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितले. प्रदेशवाचक नाव वरकरणी वर्णनपर असते. परंतु कोणाचे नाटक केवळ ‘नाटक’ राहते आणि कोणाच्या नाटकाला प्रदेशाचे नाव जोडले जाते, यात एक मूल्यनिर्णय दडलेला असतो. पुण्याच्या नाटकाला कोणी ‘मुळा-मुठा नाटक’ म्हणत नाही. झाडीपट्टीच्या मंडळींनी हे नाव आज अभिमानाने मिरविले आहे, म्हणून त्यातील विषमता नाहीशी झाली असे समजू नये.

लुडविग विटगेनश्टाइन यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘खेळ’ याच शब्दाचे उदाहरण घेऊन असे दाखविले आहे की, सर्व खेळांना समान असे एकही लक्षण सापडत नाही. एकाच कुटुंबातील माणसांत जशी नाक, डोळे, चालणे यांची साम्ये अंशाअंशाने विखुरलेली असतात तशीच ती खेळांत असतात. मराठीत तमाशाच्या प्रयोगालाही ‘खेळ’च म्हणतात. विटगेनश्टाइनचे म्हणणे त्या खेळालाही तितकेच लागू पडते.

८. नावाने काय साधते व काय हरपते

कुटुंबसाम्याचा सिद्धांत स्वीकारला म्हणजे वाद संपला, असे मात्र नाही. नाव हे व्यवहारात दार असते. महाराष्ट्र राज्याच्या सांस्कृतिक पुरस्कारांत नाटक, नृत्य, लोककला, शाहिरी, तमाशा, आदिवासी गिरिजन असे स्वतंत्र विभाग राहिले आहेत. खडी गंमतीचा शाहीर यांपैकी शाहिरीत गणावा, तमाशात, की लोककलेत? दंडार सादर करणारा लोककलेत, नृत्यात, की आदिवासी गिरिजन या विभागात? ज्या विभागात त्याला ठेवावे त्या विभागातील निकषांनी त्याची पारख होणार. तमाशाच्या निकषांनी पाहणाऱ्यास नाच्याचा स्त्रीवेष ही उणीव वाटेल. शाहिरीच्या निकषांनी पाहणाऱ्यास नाच्याच अनावश्यक वाटेल. वस्तुतः शाहीर आणि नाच्या यांचा परस्परसंवाद हा खडी गंमतीचा प्राण होय, आणि तो या दोन्ही दारांबाहेर राहण्याचा संभव आहे.

शासकीय अनुदान व प्रशिक्षण योजनांत तमाशा, दशावतार यांच्या जोडीला ‘खडीगंमत’ हे नाव स्वतंत्रपणे येऊ लागले, ही त्या दृष्टीने इष्ट गोष्ट झाली. परंतु स्वतंत्र नावाबरोबर स्वतंत्र लक्षणाची मागणीही येते. योजनेसाठी लिहिलेले लक्षण हे हळूहळू आदर्श होऊन बसते. मंडळी त्याप्रमाणे आपला खेळ बेतू लागतात. आणि जे लक्षणात नव्हते ते प्रयोगातूनही गळू लागते. बर्लिनच्या लक्षणाला खेळणाऱ्यांनी जुमानले नाही, कारण त्यावर कोणाची उपजीविका अवलंबून नव्हती. जेथे मानधन लक्षणावर अवलंबून असते, तेथे लक्षण करणाऱ्याचे उत्तरदायित्व अधिक मोठे असते.

९. अभ्यासाची दिशा

लोकसाहित्याचे अभ्यासक डॅन बेन-आमोस यांनी १९६९ मध्ये एक उपयुक्त भेद पुढे मांडला. तुलनेसाठी अभ्यासकाने घडविलेले विश्लेषणात्मक वर्ग निराळे, आणि एखाद्या समाजाने आपल्या व्यवहारासाठी घडविलेली स्वतःची प्रकारव्यवस्था निराळी. पहिल्यांची कसोटी सर्वत्र लागू पडणे ही असते. दुसरीची कसोटी त्या समाजात अर्थपूर्ण असणे ही असते. झाडीपट्टीविषयीचे बहुतेक वाद या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे निर्माण झाले आहेत. ‘खडी गंमत तमाशा आहे काय’ हा प्रश्न विश्लेषणात्मक वर्गाविषयी असेल, तर त्याचे उत्तर निवडलेल्या आधारानुसार बदलेल आणि तसे बदलणे योग्यच आहे. तो भंडाऱ्यातील प्रेक्षकाच्या व्यवस्थेविषयी असेल, तर त्याचे उत्तर युक्तिवादाने मिळणार नाही; ते त्याला विचारूनच मिळेल.

यावरून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रयोगाचे स्थानिक नाव जसे उच्चारले जाते तसे प्रथम नोंदवावे, आणि ते कोणी उच्चारले, शाहिराने, प्रेक्षकाने, मंडई भरविणाऱ्याने की अर्ज लिहून देणाऱ्याने, हेही नोंदवावे. कारण हे चौघे एकाच खेळाला वेगवेगळी नावे देऊ शकतात. नाव कशाच्या विरोधात वापरले गेले हे विचारावे : ‘खडी’ म्हटले ते ‘बैठी’पासून वेगळे करण्यासाठी, की ‘तमाशा’पासून? त्यानंतरच शरीरस्थिती, वाद्ये, कलावंत, प्रसंग, ऋतू, जागा, द्रव्यव्यवहार या प्रत्येक आधारावर प्रयोगाचे स्वतंत्र वर्णन करावे. अखेरीस तुलनेसाठी एखादा वर्ग योजावयाचा झाल्यास त्याचा आधार आणि प्रयोजन एका वाक्यात स्पष्ट सांगावे. असे केल्यास दोन अभ्यासकांची उत्तरे भिन्न आली तरी ती परस्परविरोधी ठरणार नाहीत. ती एकाच खेळाची दोन बाजूंनी घेतलेली मापे ठरतील.

प्रकारनामाचा वाद मिटविणे हे अभ्यासाचे साध्य मानू नये. वाद जिवंत आहे याचा अर्थ प्रयोग अजून बदलतो आहे असा होतो. ज्या प्रकाराचे लक्षण सर्वांना निर्विवादपणे मान्य झाले तो प्रायः प्रयोगात राहिलेला नसतो. धनंजयाची काही रूपके आज केवळ लक्षणातच उरली आहेत. साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर या भागांतील मंडयांत खडी गंमत आणि दंडार यांची तशी स्थिती होऊ नये, असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षणे करण्यापूर्वी वर्णने करण्याची त्वरा केली पाहिजे. वर्णन पूर्ण असेल तर चुकीचे लक्षण पुढची पिढी दुरुस्त करू शकेल. लक्षणाच्या आग्रहापायी जे वर्णनच झाले नाही, ते मात्र मागाहून कोणालाही मिळविता येणार नाही.